अनोळखी फोन

अपेक्षा तळेगावजवळच्या एका डेटा सेंटरमध्ये कामाला होती. नेटवर्कचे जुने स्विच काढायचे, नवे बसवायचे, कुठली वायर कुठं जाते ते शोधायचं, हे तिचं रोजचं. त्यामुळे ती सुट्टीला पवनानगरला आली की तिचा भाऊ कैलास आधी राउटरच दाखवायचा. धरणाच्या काठाला पर्यटकांना भाड्यानं द्यायचे त्याचे तंबू होते आणि पाहुण्यांची एकच तक्रार: वायफाय नीट चालत नाही.

या खेपेला तिने राउटर तपासला, तर पाहुण्यांपेक्षा जास्तच फोन जोडलेले दिसले.

"हे सगळे कोणाचे?"

"कुणाकुणाला पासवर्ड दिलाय," कैलास म्हणाला. "आता आठवतंय कुठं?"

तिने पासवर्ड बदलून टाकला. अनोळखी फोन एका झटक्यात बाहेर. कामावरही असंच चालायचं. ज्याचं अडेल तो ओरडत येतो, मग त्याचं परत जोडून द्यायचं. इथं कुणीच आलं नाही. फुकटेच असणार, असं तिला वाटलं.

पण वायफाय काही सुधारलं नाही. शेवटी तिने शिडी लावली आणि कडेच्या तंबूमागच्या खांबावरचा वायफायचा डबा उघडला. आत ओल शिरून वायरीच्या टोकाचा प्लग हिरवा पडला होता. तिने टोक कापून नवा प्लग बसवला. डब्यातलं सॉफ्टवेअरही बसवल्यापासून कुणी अपडेट केलं नव्हतं. ते सुरू करून, होईपर्यंत थांबायचं म्हणून ती कुंपणापलीकडच्या हुस्नबानो मावशींच्या चहाच्या टपरीवर येऊन बसली.

मावशींनी चहा दिला आणि पदराला पुसून आपला फोन पुढं केला.

"ह्यो बघ गं जरा. बिघडलाय वाटतं. जन्नतला लावते तर लागतच न्हाई."

जन्नत त्यांची मुलगी, सोलापुरात नर्सिंग शिकणारी. टपरीवर मोबाईलला रेंज नसायची. मावशी दुपारी कुंपणाजवळच्या बाकावर बसून तिच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलायच्या.

अपेक्षाने फोन पाहिला. कैलासच्या वायफायचं नाव, आणि खाली 'पासवर्ड चुकीचा'.

"कधीपासून झालंय?"

"तू आलीस, तवापास्नं. आदल्या दिशी आमचं जरा वाजलं व्हतं. स्थळ आलंय, बघून तरी जा म्हनले. ती म्हनली, परीक्षा हाय. मी लय बोलले. मंग फोनच लागंना. वाटलं, रागानं उचलत न्हाई. फोन बिघडला आसंल तर बरं, आसं म्हनत बसलेय."

'हो, बिघडलाच होता' म्हणून नवा पासवर्ड टाकून देणं सोपं होतं. अपेक्षाने कप खाली ठेवला.

"मावशी, फोन बरा आहे. मीच पासवर्ड बदलला. बाहेर काढलेल्या फोनांत तुमचाही होता, हे मला माहीत नव्हतं."

मावशींनी चुलीतलं लाकूड आत सारलं. "कैलासचंच हाय ते. पावण्यांच्या भाकऱ्या करते म्हनून दिलं व्हतं त्यानं."

"मग बंद पडलं तर विचारायचं ना."

"कुनी विचारायचं? मी का तू?"

आवाजात राग नव्हता.

खांबावरच्या डब्याचा दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला. तिने मावशींच्या फोनमध्ये नवा पासवर्ड घातला, तसे जन्नतचे निरोप एकामागून एक येऊ लागले. पहिले तुटक, रागातले. मग 'अम्मी, फोन उचल'. मग 'तुझी तब्येत बरी आहे ना'. मावशी ओठ हलवत एकेक वाचत गेल्या. वाचून झाल्यावर चुलीवरचं भांडं उतरवलं आणि फोन घेऊन बाकावर गेल्या, अपेक्षाकडं पाठ करून.

कैलास आला. "झालं का? आता पळतंय एकदम."

"प्लग कुजला होता," ती म्हणाली. "फोनांचा काही दोष नव्हता."

संध्याकाळी ती तंबूंमागच्या घराघरांत, कुणाचं वायफाय बंद पडलंय का, असं विचारत गेली. बहुतेकांनी सांगितलं, आमचं आपलं चालू आहे. एका घरात मात्र म्हातारा-म्हातारी एकमेकांकडं बघू लागली. अपेक्षाने चपला काढल्या, ओसरीवर बसली आणि हात पुढं केला.

"आणा आबा, फोन बघू."