रुजू होण्यापूर्वी

नेमणुकीच्या पत्राला चौदा अटी जोडलेल्या होत्या. पगार, गाडी, निवास, रजा, पदावरून दूर करण्याची कारणं, सगळं. मी त्या पहिल्याच दिवशी दोनदा वाचल्या. पशुसंवर्धन खात्यात बत्तीस वर्षं काढल्यावर कागद मागच्या पानापासून वाचायची सवय लागते. माझे यजमान भारत म्हणतात, स्वभावही तसाच होतो. राज्य चराई आणि पशुधन आयोगाची पहिली अध्यक्ष म्हणून माझं नाव आलं होतं. पेढे वाटून झाले, हार घालून झाले, आणि सातवी अट घशात अडकली ती अडकलीच.

अट अशी होती की अध्यक्षांच्या मालकीची चरायला जाणारी जनावरं नसावीत. असल्यास रुजू होण्यापूर्वी ती दुसऱ्याच्या नावे करावीत आणि घेणाऱ्याच्या सहीचा कागद पाठवावा.

माझ्या मालकीच्या बावीस मेंढ्या होत्या.

आमच्याकडे लेकीच्या लग्नात बाप तिला मेंढ्या देतो. मेंढ्या सासरी जात नाहीत, भावाच्या कळपातच राहतात, पण त्यांच्या डाव्या कानाला लेकीच्या खुणेचे काप असतात. माझ्या वडिलांनी, नामाजींनी, मला दोन दिल्या आणि कानाला दोन काप घातले. त्यांच्या पोटच्या माद्यांनाही तीच खूण. एडके भावाचे, राखणीबद्दल. दर दिवाळीला भाऊ मला माझ्याच मेंढ्यांच्या लोकरीचं घोंगडं देतो. मी त्या कधी मागितल्या नाहीत, मागणारही नव्हते. पण माहेरी माझं काही आहे, हे त्या कानांवर लिहिलेलं होतं आणि मला त्याचा फार अभिमान होता.

हा अभिमानच नडला. निवृत्तीच्या सत्काराला हिंगोलीत भाषण करताना मी म्हणून गेले होते की आजही भावाच्या कळपात माझी बावीस मेंढरं आहेत. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोसह छापून आलं. ते कात्रण कोणा भल्या माणसानं जपून ठेवलं आणि बरोबर वेळ साधून मुंबईला धाडलं. मंत्रालयातून फोन आला. बाई गोड बोलल्या, पण शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत कागद आला नाही तर पुढचं नाव घेऊ, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं.

भारत म्हणाले, लिहून टाक काही नाही म्हणून. मेंढ्यांचा काय सातबारा असतो? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. असेच रकाने कोरे सोडले म्हणून मी जन्मभर लोकांना नोटिसा धाडल्या होत्या. आता तेच मी करायचं?

शुक्रवारी दुपारी हिंगोलीत स्टँपपेपरवर बक्षीसपत्र टाइप करून घेतलं आणि आम्ही नरसीच्या पुढे गाडी घातली. सोयाबीन निघालेल्या एका रानात शिवशंकरचा, माझ्या धाकट्या भावाचा, कळप बसला होता. मला वाटलं होतं, सही घ्यायची, चहा प्यायचा आणि चारपर्यंत परत यायचं. काय ते माझं शहाणपण!

शंकर माझी वाटच पाहत होता. माझ्या नेमणुकीचा सगळ्यात जास्त आनंद त्याला झाला होता, आणि त्याला कारण होतं. मागच्या उन्हाळ्यात दुसऱ्या जिल्ह्यात मेंढरं चारताना एका गावच्या लोकांनी त्याला काठ्यांनी हाणलं होतं. त्याचा उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. तक्रार कोणी नोंदवून घेतली नाही; अशा तक्रारी आता आयोग ऐकणार होता. आता खुर्चीवर आक्का बसणार म्हटल्यावर तो लहान पोरासारखा दिवस मोजत होता.

मी कागद वाचून दाखवला. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं आणि मान हलवली.

"सही न्हाई करत मी."

"काहून?"

"बापानं लेकीला दिलेलं भावानं माघारी घेतलं म्हणतील. मेंढरं राखणाऱ्यांत तोंड दाखवायला जागा राहणार न्हाई मला."

मी समजावलं. मग चिडले. म्हटलं, हा फक्त कागद आहे, मेंढ्या तुझ्याच कळपात आहेत, मी देते आहे, तू चोरतो आहेस थोडाच? त्याचं उत्तर तेच. त्याची बायको रागिणी हळूच म्हणाली की दुसऱ्या कोणाच्या नावे करता येतील. शंकरनं तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की ती उठून चुलीकडे गेली. परक्याच्या खुणेचं जनावर कळपात म्हणजे त्याहून मोठी बदनामी.

साडेचार वाजले. भारत गाडीपाशी येरझाऱ्या घालत होते. फोनला दोनच काड्या रेंज होती. मी साहेबी आवाज काढला, जो घरात काढायचा नसतो. म्हटलं, "मी बसले नाही तर तिथं कोण बसेल माहीत आहे? जन्मात मेंढरामागं चार पावलं न चाललेला माणूस. मग जा तू त्याच्याकडे हात दाखवायला."

बोलले आणि जीभ चावली. शंकरनं माझ्याकडे बघितलंच नाही. तो उठला, पालात गेला आणि लोकर कापायची कातर घेऊन बाहेर आला.

मला लगेच कळलं. मी सात वर्षांची असताना माझी आत्या बाळंतपणात गेली. तिच्या दिवसांनंतर वडिलांनी तिच्या खुणेच्या मेंढ्या एकेक करून धरल्या आणि कानाचं टोक कापापर्यंत सरळ कातरून टाकलं. लेक गेली की खूण जाते, आणि मेंढ्या कळपात मिसळतात. मग कोणी कोणाचं माघारी घेतलं असं होत नाही.

आई, पंचफुलाबाई, इतका वेळ पालाच्या सावलीत बसून होती. ती काठी टेकत पुढे आली.

"शंकर, लेक जित्ती हाये."

"मंग दुसरी वाट सांग, माय."

आईकडे वाट नव्हती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी एक शब्द बोलले असते तर तो थांबला असता. आजही मला हेच छळतं. मी घड्याळाकडे पाहिलं.

रागिणीनं मेंढ्या धरल्या आणि शंकरनं कातर चालवली. पहिली मेंढी ओरडली तेव्हा मी डोळे मिटले, पण मिटून ठेवता येईनात, कारण मी जनावरांची डॉक्टर आहे आणि काप सरळ जातो की नाही हे पाहणं मला भाग होतं. तो फार सफाईनं कापत होता, दुखरा हात असूनही. प्रत्येक कानाला तेलात कालवलेली हळद लावायची आणि मेंढी सोडून द्यायची. सुटलेली मेंढी डोकं झटकत कळपात घुसायची आणि गर्दीत नाहीशी व्हायची. दहाव्या-बाराव्या मेंढीनंतर मला मोजवेना. शेवटची म्हातारी होती, बहुतेक वडिलांच्या हातची खूण असलेली एकटीच उरलेली. तिच्यापाशी तो थोडा थांबला. मग तिचाही कान कातरला.

हात धुऊन तो आला आणि म्हणाला, "आण. आता माझ्याच हायेत त्या."

त्यानं सही केली. साक्षीदार म्हणून भारत आणि शेजारच्या रानाचा मालक. भारतनी फोटो काढला आणि रेंजसाठी बांधावर चढून पाठवला. सहाला दहा मिनिटं कमी असताना उत्तर आलं. कागद पोचला, अभिनंदन मॅडम, सोमवारी रुजू व्हा.

पालामागे पाणी पडल्याचा आवाज आला. आई डोक्यावरून आंघोळ करत होती, लुगड्यासकट, माणूस गेल्यावर करतात तशी. मी तिच्याकडे धावले तर रागिणीनं मला दंडाला धरून थांबवलं. मी तिथंच उभी राहून रडले. भारतनी काही समजूत काढली नाही, ते बरं केलं.

निघताना शंकर गाडीच्या खिडकीशी आला. त्यानं सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे धरला. नरसीच्या झेरॉक्सवाल्याकडून लिहून घेतलेला अर्ज होता. मारहाणीची तारीख, गावाचं नाव, हाताच्या एक्स-रेचा नंबर, सगळं व्यवस्थित होतं. वर लिहिलं होतं, मा. अध्यक्ष यांच्या सेवेशी.

"आता तू आमची कोणी न्हाईस," तो म्हणाला, आणि ओठ दाबून हसायचा प्रयत्न केला. "मंग आता घेता येईल ना तुला?"

नववी अट मला पहिल्या दिवसापासून पाठ होती. अध्यक्षांनी जवळच्या नातेवाइकाचं कोणतंही प्रकरण ऐकू नये. नातेवाइकांची यादी खाली दिली होती, त्यात तिसरा शब्द भाऊ. मी त्याला ती आधी सांगितली नव्हती. सांगितली असती तर त्यानं कातर उचलली असती का, हे मला तेव्हाही माहीत होतं.

मी त्याला ती अट सांगितली. म्हणाले की अर्ज दुसऱ्या सदस्याकडे जाईल, मी त्या खोलीतही नसेन, माझ्या हातात काही नसेल.

त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे त्यांच्या कागदात मी तुझा भाऊच हाये?"

"हो."

"कान कातरले तरी?"

"हो, शंकर."

त्यानं अर्ज माझ्या हातातून घेतला, पुन्हा त्याच घडीवर दुमडला आणि खिशात ठेवला.

"बरं झालं मग," तो म्हणाला. "कुठंतरी लिवलेलं राहिलं."

आणि उजव्या हातानं, जेवढा वर जात होता तेवढाच उचलून, त्यानं भारतना गाडी काढायची खूण केली.