एक लांब शिट्टी म्हणजे गप्प

मित्रांनो, मी शिट्टी. केशरी, प्लास्टिकची, एका कडेला दातांच्या खुणा. आता जुनी झालेय, पण आवाज अजून फर्स्ट क्लास आहे. वैताग आवाजाचा नाहीच. वैताग याचा, की मी वाजले की काय करायचं हे या शहरात ज्याने त्याने आपापलं ठरवून टाकलंय.

माझा जन्म साच्यात झाला. गरम प्लास्टिक ओतलं, गार झालं, संपलं. माझ्या पोटात गोटी नाही. मुद्दाम नाही ठेवली. गोटी धुळीने अडकते, आणि माझ्यासारखीला धुळीतच काम करायचं असतं. मग बोहरी आळीतल्या एका दुकानात बहिणींबरोबर दोरीला लटकले. बहिणी कुठे कुठे गेल्या. कोणी शाळेत, कोणी पार्किंगमध्ये, एक तर सहलीच्या पोरांना रांगेत उभं करायला कात्रजच्या सर्पोद्यानात. मला उत्कर्षाताईंनी घेतलं.

इमारत कोसळली की आतली माणसं बाहेर काढणारी एक टीम असते, तिच्या त्या प्रमुख. मला गळ्यात अडकवून पहिल्याच दिवशी त्यांनी टीमला माझी भाषा शिकवली. एक लांब म्हणजे सगळं थांबवा, गप्प बसा, कान द्या. लांब आणि मग आखूड, म्हणजे चला, परत कामाला. तीन आखूड म्हणजे हातातलं आहे तिथे टाका आणि बाहेर पळा. बास. बाराखडीसुद्धा नाही, नुसते तीन शब्द. तेवढे तरी पाठ करावेत की नाही माणसांनी?

इमारती रोज पडत नाहीत, ते बरंच आहे. पण मग मी महिनोन्महिने शेडमधल्या खिळ्याला. आणि तिथून मला उचलायचे पोपटराव, आमच्या गाडीवरचे सगळ्यात जुने कर्मचारी. गाडी रिव्हर्स घ्यायची असली की हे मागे उभे आणि मी तोंडात. येऊ द्या, येऊ द्या, फुर्र, फुर्र, फुर्र. म्हणजे माझ्या भाषेत गाडीला सांगतायत, पळा.

"पोपटराव, ती शिट्टी रिव्हर्सची नाहीये," ताई म्हणायच्या.

"मॅडम, शिट्टी ती शिट्टी. त्यात काय रिव्हर्सची आणि फॉरवर्डची."

झालं. मी परत खिळ्याला.

मग एका सकाळी विश्रांतवाडीतून फोन आला. तीन मजली जुनी इमारत एका बाजूला बसली होती. शेजारच्या प्लॉटवर पायासाठी खोल खड्डा खणलेला, त्यात हिच्या पायाखालची माती सरकली आणि वरचे मजले खालच्यावर येऊन टेकले. बाकीची माणसं बाहेर पडली होती. तळमजल्यावरच्या मुक्ताई स्वयंपाकघरात होत्या, त्या आतच राहिल्या.

आम्ही पोहोचलो तर ढिगावर जत्रा. मागच्या मैदानात एका ढोलपथकाची प्रॅक्टिस चालू होती. पोरं ढोल टाकून धावत आली होती. मनाने सोनं आहेत हो, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण चढली कुठे? ढिगावर. अरे, स्लॅब पडला तरी त्याच्याखाली कुठेतरी तिरकी पोकळी राहते, आणि माणूस जगला तर त्या पोकळीत जगतो. तुम्ही वर नाचलात की ती पोकळी बसते. इतकं साधं आहे. पण नाही.

शेजारच्या सोसायटीच्या गेटात रंगराव हात मागे बांधून उभे होते. रिटायर्ड. सल्ला देण्यातून मात्र रिटायर झालेले नाहीत.

"अहो मॅडम, जेसीबी बोलवा. अर्ध्या तासात मोकळं होईल."

"काका, खाली माणूस आहे."

"म्हणूनच म्हणतोय ना, लवकर."

"जेसीबीला माती आणि माणूस सारखेच. तुम्ही जरा मागे उभे राहता का?"

"मी मागेच आहे. माझ्या गेटात आहे."

टीमने लाइट तोडली, गॅसची लाइन बंद केली. तेवढ्यात मुक्ताईंची सून दीपाली ऑफिसची बॅग तशीच खांद्याला घेऊन पुढे आली.

"आई ओरडणार नाहीत हो. घशाचं ऑपरेशन झालंय, आवाज फुटत नाही त्यांना. पण त्या पाइप वाजवतील."

"पाइप?"

"नळाला पाणी आलं की लाटण्याने पाइप ठोकतात. वरच्यांना कळायला. रोजचं आहे त्यांचं. पण या गोंगाटात कसं ऐकू येणार?"

ताईंनी मला ओठात धरलं. एक लांब. छाती भरून.

आणि पोरांनी काय करावं? "मोरया" म्हणून दुप्पट जोर लावला.

परत एक लांब. अजून जोर. घमेली आदळतायत, आरोळ्या चालल्यात, त्या मुक्ताई खाली पाइप वाजवत असतील-नसतील देव जाणे. मी जितकी जीव तोडून सांगते गप्प बसा, तितकी ही पेटतात. मला इतकी चीड आली, की गोटी असती तर गिळली असती.

ताईंनी पथकाच्या प्रमुखाला, सौमित्रला, दंडाला धरून खाली ओढलं. "कान आहेत ना रे तुला?"

"आहेत की ताई. तुम्ही शिट्टी दिली, आम्ही उचललं."

"काय उचललं?"

"आमच्यात लांब शिट्टी म्हणजे ताल उचला. सुरू करा."

ताईंनी त्याचा दंड सोडला. "आणि थांबायला?"

"थांबायला टिपरू वर, ढोलाची काठी. ढोल चालू असताना शिट्टी कोणाला ऐकू येणार?"

"मग कर की वर."

"टिपरू मैदानात राहिलं, ताई." पण पोरगं हुशार. फावड्याचा दांडा घेतला, आमच्या गाडीच्या टपावर चढला आणि दांडा डोक्यावर उभा धरला. सगळी पोरं जागच्या जागी गप्प. माझं काम एका दांड्याने केलं, मित्रांनो. अपमान गिळला. वेळ तशी होती.

"आता काय, श्रद्धांजली का?" रंगराव गेटातून म्हणाले. दीपालीने वळून त्यांच्याकडे नुसतं बघितलं. मग तेही गप्प झाले, खरेखुरे.

आणि आलं. टण. टण टण. जिन्याच्या मागच्या बाजूने.

पोरं खणत होती ती बाजू नव्हतीच ती. ज्या स्लॅबवर ती उभी होती, त्याच्या बरोब्बर खालून आवाज येत होता. सौमित्रने टपावरूनच पोरांना हाताने खूण केली, हलू नका.

ताईंनी त्याच पाइपवर उलट ठोकून उत्तर दिलं. मग सगळ्यांना एकेक करून खाली उतरवलं आणि तिथेच शाळा घेतली. "तीन आखूड म्हणजे?"

"ताई, आमच्यात..."

"तुमच्यातलं राहू दे. आज माझ्यातलं."

पोरांनी घोकलं. मग काम बाजूने सुरू झालं. लाकडी टेकू लावायचे, एक वीट काढायची, परत टेकू. घमेली पोरांच्या रांगेतून हातोहात मागे. कोणी मोरया म्हणेना.

दुपारी वरच्या भेगेतून बारीक रेती सांडायला लागली. ताईंनी बघितलं आणि मी वाजले. फुर्र, फुर्र, फुर्र. पोरांनी हातातलं टाकलं आणि पळाली. एकजण घमेल्यासाठी मागे वळला, त्याला सौमित्रने शर्टाला धरून खेचलं. स्लॅबची कड खाली आली ती नेमकी त्या घमेल्यावर.

धूळच धूळ. दीपालीने तोंडावर हात ठेवला.

ताईंनी धूळ बसू दिली. मग एक लांब. या वेळी दांडा लागला नाही. सगळे गप्प. गर्दीत कोणाचा फोन वाजला तर रंगरावांनीच त्याला दटावलं, "बंद करा की तो." आम्ही ऐकत राहिलो. काही नाही. परत ऐकलं. काही नाही. मी ताईंच्या ओठात होते, मला त्यांचा श्वास कळत होता. तो थांबला होता.

टण.

मुक्ताई संध्याकाळी बाहेर आल्या. पांढऱ्याफटक, पाय मोडलेला, हातात लाटणं. स्ट्रेचरवरून काहीतरी पुटपुटल्या. दीपालीने कान लावला आणि रडता रडता हसली.

"आई म्हणतायत, इतका वेळ वाजवतेय, पाणी भरायला मेलं कोणी येत कसं नाही."

बघा, मी एकटी नाही वैतागलेली.

तर मित्रांनो, कुठे इमारत पडली तर मदतीला जरूर या. पण ढिगावर चढू नका. आणि मी एकदा लांब वाजले की हात, तोंड, फोन, सगळं थांबवा. खाली कोणीतरी काहीतरी वाजवत असतं. आपण बोलत राहिलो तर ते वाजवायचं सोडून देतं. मला मेडल नको, पूजा नको. खिळ्यावरची धूळ अधूनमधून पुसा आणि माझे तीन शब्द पाठ करा, पुष्कळ झालं.

परवा गाडी त्याच मैदानाजवळ होती. पोपटरावांनी सवयीने मला उचललं, गाडीच्या मागे उभे राहिले आणि फुंकर मारली ती चांगली लांब गेली.

पलीकडे पन्नास ढोल चालू होते. ते हळूहळू थांबायला लागले. आधी जवळचे, मग त्यांना बघून लांबचे, मग ताशे. सगळी पोरं मान तिरकी करून, कान देऊन उभी.

"काय झालं यांना?" पोपटराव म्हणाले.

"शू," ताई म्हणाल्या.