माझा फोल्डर उघडा राहिला

लॉग फाइल हे नाव तुम्ही क्वचितच ऐकलं असेल, मित्रांनो. मी तीच. एका वेबसाइटच्या सर्व्हरवर राहते. साइटवर कोण आलं, किती वाजता आलं, काय मागितलं, ते सारं मुकाट्याने टिपून ठेवायचं, हेच माझं काम.

आमची साइट घर सोडून पळालेल्या बायकांना आसरा देणाऱ्या संस्थेची. तिथल्या इंजिनिअरना सगळे भाऊ म्हणत. साइट अडली की ते आधी मला वाचत आणि चारचौघांत माझं कौतुक करत. मी फुलून जाई. मग एकदा त्यांच्या आईला दवाखान्यात ठेवावं लागलं. तिच्या उशाशी बसून फोनवर मला वाचता यावं, म्हणून त्यांनी माझा फोल्डर दोन दिवसांपुरता सगळ्यांना उघडा केला. आई बरी होऊन घरी आली आणि त्या आनंदात भाऊ मला साफ विसरले. चार महिने कोणी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

एके सकाळी साइट तपासायला नव्या ताई आल्या. त्यांनी पासवर्ड न देताच माझा पत्ता टाइप केला, आणि मी आपली उघडले.

"भाऊ, ही फाइल बाहेरून कोणालाही दिसतेय."

भाऊंचा चेहरा उतरला. मदतीचा अर्ज भरला की त्यातला पत्ता लिंकलाच जोडला जाई, आणि मी तो इमानाने लिहून घेई. आदल्याच दिवशी एकीने लिहिला होता. नवऱ्यापासून लपून ती मैत्रिणीच्या खोलीत राहत होती, तिसऱ्या मजल्यावर. मला माझीच लाज वाटली.

भाऊंनी घाईघाईने फोल्डर बंद केला आणि मला पुसायला निघाले. ताईंनी त्यांना थांबवलं. मला वाचणाऱ्याचीही नोंद मीच ठेवते, हे त्यांना ठाऊक होतं. दोघे ओळीमागून ओळ चाळू लागले. आणि ती नोंद सापडली. त्याच सकाळी, दहा वाजून चार मिनिटांनी, कोणा अनोळख्याने मला अख्खी उतरवून घेतली होती. घड्याळात पावणेअकरा वाजले होते.

आधीच्या बायका केव्हाच संस्थेत पोचल्या होत्या, आदल्या दिवशीची ती एकटीच बाहेर होती. ताईंनी तिला फोन लावला. दोनदा नुसता वाजत राहिला. तिसऱ्यांदा तिने उचलला. हातातलं टाकून लगेच खाली या, आमची गाडी निघाली आहे, असं ताईंनी सांगितलं.

"पण हा पत्ता मी फक्त तुम्हालाच सांगितला होता," ती म्हणाली.

ती संस्थेत सुखरूप पोचली. आता तसे पत्ते माझ्यापर्यंत येतच नाहीत. मित्रांनो, कोणी विश्वासाने काही तुमच्या हवाली केलं असेल, तर एकदा परक्यासारखं बाहेर उभं राहून स्वतःचं दार ढकलून पाहा. आजच पाहा.