अकरा पोती

लांब्याच्या गोठ्यात गाई दोन आणि कचऱ्याची पोती अकरा होती, म्हणून सकाळी सकाळी भांडण झालं. एक गाय आज-उद्या विणार होती. वासराला टेकायला हातभर जागा नव्हती, आणि हा बाबा एक पोतं खांद्यावर मारून कचरा टाकायला निघालेला. बायको दारात आडवी उभी राहिली. लख्ख वाटेवर आपल्याच हातानं घाण टाकायला जाता, जरा तरी लाज वाटते का, असं तिनं विचारलं.

"वाटते," लांब्या म्हणाला. "सरक बाजूला."

आता हे काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. दोन वर्षांपासून गावात शहरातली चालणारी माणसं यायची. चार दिवस डोंगरातून पायी हिंडायची, गावातल्या घरांत उतरायची, झाडाचं पान तोडायची नाहीत. त्यातली एक सकाळ कामाची. ओढ्याकाठच्या वाटेवरचा कचरा वेचायचा, ओढा जपायचा. पहिल्या वर्षी कचरा उदंड होता, गावाचाही आणि दारू प्यायला येणाऱ्यांचाही. वेचून पोती भरली. ती न्यायला गाडी येणार होती, ती एकदा येऊन गेली आणि पुन्हा फिरकलीच नाही. पोती पडली लांब्याच्या गोठ्यात, कारण वाटाड्या तो.

पण झालं काय, की परकी माणसं वाकून आपली घाण उचलतात हे बघून गाव ओशाळलं. टाकायचंच बंद झालं. पुढच्या एका टोळीला दोन तासांत गोळीचे दोन कागद सापडले. बिचाऱ्यांची तोंडं उतरली. आणि त्यांना घेऊन येणारा सहलवाला जाता जाता म्हणाला, की इथं करण्यासारखं आता काही उरलं नाही, दुसरं गाव बघावं लागेल.

वाटाड्या होण्याआधी अकरा वर्षं लांब्या दगडाच्या खाणीत होता. तिथला मुकादम त्याला 'ए लांब्या' म्हणायचा, आणि तेही मूड चांगला असला तर. ही माणसं मात्र त्याला दादा म्हणायची. हे कुठलं पाखरू, दादा? पाणी इथलं चालेल का, दादा? चाळिशीपर्यंत त्याला कुणी काही विचारलेलं नव्हतं. ते सोडून परत खाणीत जायची त्याची तयारी नव्हती. मग त्यानं डोकं चालवलं. एक पोतं वाटेवर ओतायचं, पाहुणे ते वेचतील, पोतं परत गोठ्यात. कुणाचं काय बिघडलं? असं त्यानं दोनदा केलं होतं. ही तिसरी खेप.

पोतं रिकामं करून तो बसथांब्यावर गेला. सहलवाल्यामागून नऊ पाहुणे उतरले, त्यांत सगळ्यांत शेवटी काठी टेकत नर्सबाई. मागच्या वर्षीही आल्या होत्या. जन्म दवाखान्यात गेलेला, आता निवृत्त, उजवा गुडघा कामातून गेलेला. त्यांनी आधी गाईंची चौकशी केली, मग बायकोची, मग त्याची. लांब्याला इतका आनंद झाला, की सकाळी आपण काय करून आलोय ते घटकाभर तो विसरलाच.

वेचणं सुरू झालं. सगळे खुशीत होते, कारण पावलापावलाला काही ना काही सापडत होतं. नर्सबाई काठीवर भार टाकून वाकायच्या, दातांवर दात धरून उठायच्या. लांब्यानं तिकडं बघायचं नाही असं ठरवलं आणि उगाच पुढंपुढं चालू लागला.

"दादा," बाईंनी हाक मारली. "मागच्या वर्षी पोतं बांधायला सुतळी संपली होती, आठवतंय?"

"आठवतंय की," तो वळता वळता म्हणाला. मग त्यानं बघितलं. त्यांच्या हातात बुटाची हिरवी नाडी होती, गाठ मारलेली.

"ही माझी नाडी. गाठही माझीच."

बाईंनी आजूबाजूला बघितलं, कुणाचं लक्ष नव्हतं. नाडी त्यांनी खिशात टाकली.

"अजून किती आहे पुढं?"

"ओढ्यापर्यंत," तो म्हणाला. त्यालाच तर ठाऊक होतं. "बाई, तुम्ही बसा. मी उचलतो."

"मी त्यासाठीच आलेय," त्या म्हणाल्या आणि पुन्हा वाकल्या.

चार शिव्या दिल्या असत्या तरी त्याला परवडलं असतं. तो गुडघा दर वेळी कटकन वाजत होता आणि लांब्याला दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. ओढ्यापाशी पोचल्यावर सगळे हात धुवायला लागले तसा तो मध्ये जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, की कचरा मीच टाकलाय. आज सकाळी. याआधीही टाकलाय.

एक जण हसला, मग एकट्यालाच हसू येतंय म्हणून गप्प झाला. सहलवाल्याचा चेहरा लालबुंद झाला. लांब्यानं खाणीचं सांगितलं नाही, बायकोचं नाही, गाडी येत नाही हेही नाही. सांगायला तोंडच नव्हतं. शेवटी कुणीतरी विचारलं, बाकीची पोती कुठं आहेत.

सगळे गोठ्यात आले. बायको पदर सावरून बाजूला झाली आणि तिनं एकदाही नवऱ्याकडं बघितलं नाही. नर्सबाईंनी विचारलं, की शहरात कचरा घेतात ती जागा किती लांब. पायी तीन तास, बायकोच म्हणाली. त्या दिवशी धबधब्याला जायचं होतं. कुणी धबधब्याचं नावही काढलं नाही. ज्यानं त्यानं एकेक पोतं पाठीवर घेतलं, सहलवाल्यानंसुद्धा. सगळ्यांत लहान पोतं नर्सबाईंनी उचललं. लांब्या ते घ्यायला गेला.

"दादा, तुम्ही पुढं चाला," त्या म्हणाल्या. "वाट तुम्हाला माहीत आहे."

अजूनही दादा. गावातून जाताना दारादारात माणसं. शिंप्यानं विचारलं, पाहुण्यांना हमाल केलंस की काय? माझा कचरा आहे, लांब्यानं सांगितलं. पुढच्या दारात तेच, त्याच्या पुढच्या दारात तेच. सांगून सांगून ते सोपं होईल असं त्याला वाटलं होतं. झालं नाही.

शहराचा रस्ता खाणीवरून जातो. जुने सोबती घण टेकवून बघत उभे राहिले, आणि नेमकं तिथंच त्याच्या पाठीवरचं पोतं फुटलं. बाटल्या, पिशव्या, चिंध्या रस्ताभर पसरल्या. पाहुणे ओझी उतरवून पुढं झाले.

"कुणी वाकू नका," लांब्या म्हणाला. "हे माझं मला उचलू द्या."

ते थांबले. फक्त नर्सबाई पुढं आल्या आणि पोत्याचं तोंड धरून उभ्या राहिल्या. तो गुडघ्यांवर बसून एकेक कागद गोळा करत होता. मुकादम कमरेवर हात ठेवून जवळ आला.

"काय रे लांब्या, परत येतोस का कामावर?"

लांब्यानं मान वर केली नाही.

"आधी एवढं उचलू दे," तो म्हणाला.