पाच घरांचा फरक

मी स्क्रू गेज बोलतोय. नाव ऐकून बिचकू नका. तारेची किंवा पत्र्याची जाडी मोजायचं एवढंसं हत्यार आहे मी. मिलिमीटरचा शंभरावा भाग मला दिसतो आणि त्याचा मला गर्व आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझे जबडे मिटले की शून्य बरोबर शून्यावर यायचं. शाळेच्या प्रयोगशाळेत आलो आणि पहिल्याच वर्षी फिजिक्सच्या सरांच्या हातून फरशीवर आपटलो. तेव्हापासून नुसता मिटवला तरी मी पाच घरं, म्हणजे ०.०५ मिलिमीटर, जास्त दाखवू लागलो. मला पडताना बघायला सरांशिवाय तिथे एकच माणूस होतं, प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या बाई.

"काही झालं नाही त्याला. उचला," सर म्हणाले. बाईंनी उचललं.

सरांनी मला न तपासताच एक तार मोजली आणि उत्तरांच्या यादीत ०.५५ लिहून टाकलं. मग दरवर्षी परीक्षेला तीच तार अन् तेच उत्तर. मुलंही पोचलेली. वरच्या वर्गाकडून आकडा आधीच आणायची, वहीत लिहायची आणि मग मला दोनदा फिरवून मोजल्याचं सोंग करायची. मोजण्यापेक्षा जुळवण्यातच माणसांना गोडी फार, हे मी तिथे शिकलो. पैकीच्या पैकी मार्क घेऊन सगळी खुशीत जायची.

बाईंची मुलगी त्याच शाळेत होती. तिला हत्यारं घडवण्याच्या प्रशिक्षणाला जायचं होतं आणि त्यासाठी हे प्रॅक्टिकल पास होणं भाग होतं. परीक्षेत मी तिच्या वाट्याला आलो. तिने आधी मला मिटवलं, डोळ्यांजवळ नेलं, पाच घरं मोजली. तार ०.५५ भरली, त्यातून तिने ती पाच घरं वजा केली आणि उत्तर लिहिलं ०.५०. इतक्या वर्षांत माझं दुखणं ओळखणारी ती पहिलीच. मला तिच्याबद्दल फार माया वाटली.

सरांनी उत्तरावर काट मारली आणि तिला नापास केलं. तिने फेरतपासणी मागितली.

तपासनीस यायच्या आदल्या दिवशी सर बाईंना म्हणाले, "पेटीत किल्ली आहे, याचं शून्य नीट करून ठेवा. आणि ती तार इथे दिसायला नको."

"सर, पोर माझी आहे हो."

"तुम्हाला नोकरीत कायम करायचं पत्र माझ्या टेबलावर पडलंय. बघा, कसं काय ते."

बाईंनी मला पेटीतून काढलं. मग त्यांनी किल्ली घेतली. काम मात्र त्यांनी चोख केलं.

दुसऱ्या दिवशी तपासनीसांनी मला मिटवलं. "शून्यावर तर आहे. पाच घरं कुठली काढलीस?"

"साहेब, मग तीच तार पुन्हा मोजा ना," मुलगी म्हणाली. "आई, तार तूच ठेवतेस ना?"

"टाकून दिली मी," बाई म्हणाल्या. तार त्यांच्या निळ्या कोटाच्या खिशात होती. "साहेब, ती अभ्यासात पहिल्यापासून कच्चीच आहे."

मुलीने आईकडे एकदा बघितलं, दप्तर उचललं आणि ती निघून गेली. पडल्यापासून पहिल्यांदा मी बिनचूक होतो आणि त्याच दिवशी मी तिचा गळा कापला.

बाई आता कायम झाल्या. सरांनी यादीतलं उत्तर गुपचूप खोडून ०.५० केलं. मुलगी कुठल्याशा गोदामात खोकी बांधते आणि घरी आईकडे पाठ करून जेवते, असं बाईच परवा शिपायाला सांगत होत्या.

त्या रोज मला पेटीतून काढतात आणि तेल लावून पुसतात. झाल्यावर पुन्हा पुसतात.

बाई, नका पुसू. गंज चढू द्या मला. म्हणजे पुन्हा कोणाच्या पोरीसमोर मला उभं राहावं लागणार नाही.