पत्र्याच्या डब्यातली रेंज

कंपनीच्या माणसाने रस्त्यावर उभं राहून मला मोबाइल दाखवला. "बघा काका, फुल रेंज!"

"आम्ही घरात राहतो रे बाबा," मी म्हटलं. "आमच्या सुनेने काय इथे गटारावर टेबल टाकून बसायचं?"

"नकाशात तुमचं घर हिरवं दाखवतंय."

"मग नकाशात राहायला जाऊ का?"

तो हसला, तक्रार पुढे पाठवतो म्हणाला आणि गाडीला किक मारून पसार. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या! घर आमचं उताराच्या तळाशी, पाठीला दगडी टेकडी. दारातून आत आलं की मोबाइलचा नुसता आरसा होतो. पण उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना नकाशा दिसतो, टेकडी दिसत नाही.

सून माझी घरी बसून दवाखान्याचे फोन घेते. पेशंटला डॉक्टरची वेळ द्यायची, कुठल्या मजल्यावर जायचं ते सांगायचं. एखादी म्हातारी सांगायला लागायची, "बाई गं, छातीत..." आणि लाइन कट. मुलगा बोटीवर नोकरीला, त्याचे पैसे येतील तेव्हा येतील, माझे गुडघे गेलेले, रोजचं घर सुनेच्याच कामावर चाललेलं. त्या दिवशी तिच्या मॅडमनी निक्षून सांगितलं, अजून एकदा लाइन तुटली तर दुसरी बाई बघते. पोर ताटावर नुसती बसून राहिली.

आता, गच्चीवर रेंज येते. सिम घालायचा राउटर वर ठेवायचा, त्याची वायर खाली तिच्या टेबलापर्यंत सोडायची, झालं काम. पण ऊन-पावसात तो टिकायचा कसा? बाहेर लावायचा तयार राउटर मिळतो म्हणे, पण मागवला की महिनाभर वाट बघा. तोवर नोकरी गेली असती.

"डबा मी करतो," मी म्हणालो.

उभा जन्म पत्रा ठोकण्यात गेलाय माझा. टाक्या, कोठ्या, पेट्या. नंतर ते प्लास्टिक आलं आणि गिऱ्हाईक तिकडे पळालं. समोरच प्लास्टिकवाल्याचं दुकान, रोज सकाळी माझ्या नाकासमोर निळ्या टाक्यांची उतरंड लावतो. माझ्या घरात प्लास्टिकची बादलीसुद्धा नाही. आमच्या हिने, बायकोने, एकदा आणली होती, तर मी तिच्यात आंघोळ करायला नकार दिला.

डबा केला तो असा! जाड पत्रा, सांधे आतून-बाहेरून कथील ओतून डाखलेले, झाकणाला रबर, वरून दोन हात रंग. आत कोरडा कागद घालून हौदात बुडवला. कागद कोरडा ठणठणीत! डबा गच्चीवर बसवला, राउटर आत ठेवला, झाकण आवळलं आणि खाली ओरडलो, "बघ गं!"

"काहीच नाही, बाबा."

नाही म्हणजे? मी कंपनीला फोन लावला. आधी बाजा वाजला, मग एक बाई म्हणाली, तुमच्या भागात काही अडचण नाही. मग मीही सोडलं नाही. तोंडाला येईल ते बोललो. पार त्यांच्या टॉवरच्या खानदानापर्यंत गेलो.

तेवढ्यात सून वर आली. तिने झाकण उघडलं. राउटरचे दिवे हिरवे झाले. झाकण लावलं, थोड्या वेळाने उघडून बघितलं, तर लाल.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "डब्यात पाणी शिरत नाही. पण रेंजही शिरत नाही. चारी बाजूंनी पत्रा आहे ना. प्लास्टिकचा लागेल."

"त्यापेक्षा मी छत्री धरून बसतो!"

"अहो, बसा की," ही जिन्यातून म्हणाली. "डोक्यात उजेड तरी पडेल. पोरीच्या पोटापुढे तुमचा पत्रा मोठा?"

चप्पल घातली आणि रस्ता ओलांडला.

प्लास्टिकवाला उभाच राहिला. "पत्रेमास्तर! रस्ता चुकलात?"

"वायरमन लावतात तो जाड डबा दे. झाकणाला रबर असलेला. आणि दात आत घे."

"कोणासाठी पण?"

"सुनेसाठी. तिची नोकरी जाईल."

ह्यावर मात्र त्याने दात आत घेतले. मागच्या खोलीत गेला, दोन डबे वाजवून बघितले आणि त्यातला चांगला दिला. वर म्हणाला, "उन्हात दोन वर्षांत तडकेल, मास्तर. खोटं कशाला बोलू."

"ते मला माहीत नाही होय रे? म्हणूनच तर भांडत आलो तुमच्याशी."

वायरी डब्याच्या बुडातून आत घेतल्या, आणि आधी खाली झोळ दिला, म्हणजे पाणी वायरीवरून डब्यात न जाता झोळातून टपकतं. बुडाला एक बारीक भोक ठेवलं. गच्च बंद डब्याला आतून घाम फुटतो, तो बाहेर पडायला नको? आणि ऊन लागू नये म्हणून डोक्यावर छप्पर केलं. पत्र्याचं! सून म्हणाली, "फक्त वरच हं बाबा, बाजूंना नको." बरं बाई, फक्त वर.

दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ फाटलं. वारा असा की शेजाऱ्याची दोरी कपड्यांसकट आमच्या गच्चीत. सून टेबलाशी, कानाला हेडफोन. मी आणि ही दाराआड कान लावून उभे. एक फोन झाला, दुसरा झाला. कोणी आजोबा होते, ऐकायला कमी येणारे, त्यांना ती एकच पत्ता पुन्हा पुन्हा सांगत होती. लाइन तुटली नाही. शेवटी मॅडमचा फोन आला, तो तिने आम्हाला ऐकू यावा म्हणून स्पीकरवर टाकला. "आज छान चाललंय. असंच राहू दे." पोरीने आमच्याकडे बघितलं आणि हसली. हिने पदराने डोळे पुसले. मी नाक पुसलं, पावसाने गारठा होता.

तेवढ्यात माझा फोन थरथरला; सुनेने तो राउटरच्या वायफायला जोडल्यापासून घरातही फोन येत होते. कंपनीची बाई! "सर, आम्ही तुमची रेंजची तक्रार सोडवली आहे. आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल?"

तुम्ही सोडवली? तुम्ही? आयत्या बिळावरचे नागोबा! गच्चीवर तुम्ही चढला होतात? त्या निळ्या टाकीवाल्याच्या दारात तुम्ही गेला होतात? पोटातून अशी शिवी उसळली की टेकडी हलली असती. पण शेजारी सून बोलत होती, "हो आजी, मी आहे ना लाइनवर, सावकाश सांगा." आणि हिने माझ्या तोंडावर हात ठेवलेला.

तेव्हा मी हिचा हात बाजूला केला, कोपऱ्यात तोंड केलं आणि जन्मात पहिल्यांदा कुजबुजत भांडलो. चांगला तासभर भांडलो. एक शब्द सोडला नाही.