नेमक्या मापाचा बूट

मी बूट बोलतोय. उजव्या पायाचा. डावा माझ्या शेजारीच आहे, पण तो जन्माचा मुखदुर्बळ, त्यामुळे दोघांच्या वतीने मलाच तोंड उघडावं लागतं. आणि आधीच सांगून ठेवतो, मी साधासुधा बूट नाही. दुकानात खोक्यांच्या थप्पीत पडून कुणाच्या तरी पायाची वाट बघणारे ते वेगळे. मला पाय आधी मिळाला, जन्म नंतर.

मी सायकलच्या शर्यतीचा बूट. माझा तळवा कार्बनचा, फळीसारखा ताठ. खाली एक पट्टी आहे, ती पेडलमध्ये खट्कन अडकते. नाडीऐवजी मला चकती आहे. ती फिरवली की बारीक तारा पायावर आवळत जातात. मला घालून रस्त्यावर चालायला जाल तर बदकासारखे चालाल, कारण चालणं हे माझं कामच नव्हे.

बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात माझी स्थापना झाल्यापासून येणारा प्रत्येक पाहुणा एकच विचारतो, "बुटांवर एवढे पैसे घालण्यात अर्थ असतो का हो?" घरचा बाप म्हणतो, "अहो, वस्तू बघा ना." वस्तू चांगलीच आहे, त्यात वाद नाही. पण त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर ते मी द्यायला हवं, त्याने नव्हे.

मी जिच्यासाठी झालो ती या बापाची एकुलती एक लेक. तेव्हा शाळेत होती, हाडकुळी, लांब पायांची. तिचे आधीचे बूट कुणाचे तरी वापरलेले होते. एक माप मोठे, पुढे चिंध्या कोंबलेले, वरून काळी चिकटपट्टी गुंडाळलेले. त्या ध्यानातच तिने दोन पदकं आणली होती. तिला त्या बुटांची लाज वाटत नव्हती. वाटली ती बापाला. शर्यतीच्या मैदानावर दुसऱ्या मुलींचे आईबाप त्या चिकटपट्टीकडे बघून आपसात हसले आणि ते हसणं बापाच्या मनाला फार लागलं.

बाप लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याची एक मोटारसायकल होती, सुट्टीच्या दिवशी तासन्‌तास पुसायचा. ती त्याने विकली आणि लेकीला घेऊन बूट बनवणाऱ्याकडे गेला.

बूट बनवणाऱ्याने तिची पावलं प्लास्टरच्या ओल्या पट्ट्यांत गुंडाळून साचा काढला. तिला गुदगुल्या होत होत्या, ती हसत होती. साचा वाळत असताना तो म्हणाला, "वाढतं वय आहे. पुढे थोडी जागा ठेवू का?"

"नको," बाप म्हणाला. "अगदी नेमका बसला पाहिजे. जागाच ठेवायची तर दुकानातला नसता का घेतला?"

बूट बनवणाऱ्याला आणखी बोलता आलं असतं. पण गिऱ्हाईक पैसे घेऊन समोर बसलंय म्हटल्यावर त्याने मिठाची गुळणी धरली. घरी आईनेही सांगून पाहिलं. हिचा फ्रॉकसुद्धा मी वाढता शिवते, म्हणाली. फ्रॉक आणि बूट एकच का, असं म्हणून बापाने तिला उडवून लावलं. तर असा मी त्या एका दिवसाच्या पावलाएवढा, तंतोतंत, तयार झालो. जुने बूट बापाने त्याच संध्याकाळी कचऱ्यात टाकले.

खोटं कशाला बोलू, सुरुवातीचे दिवस सुखाचे होते. तिने जोर लावला की तो थेट चाकात उतरायचा. बाप प्रत्येक सरावाला यायचा, गुडघ्यावर बसायचा, स्वतःच्या हाताने माझी चकती फिरवायचा आणि विचारायचा, "मस्त बसलाय ना?" ती म्हणायची, "मस्त, बाबा."

मग पाऊल वाढलं. पावलांना वाढायला परवानगी लागत नाही. दुसरा एखादा बूट ताणला तरी असता, पण मला ताणायचं नाही म्हणूनच तर बनवलं होतं. तिने जाड मोजे सोडून पातळ घातले. मग मोजेच सोडले. नखं मांसापर्यंत कापली. अंगठा आत दुमडून बसायला लागला. बाप गुडघ्यावर बसून विचारायचा, "मस्त बसलाय ना?" आणि वरून उत्तर यायचं, "मस्त, बाबा." त्या क्षणी आत तिची बोटं कशी एकमेकांवर चढलेली असायची ते मला ठाऊक. मला मन आहे, पण माणसांना ऐकू जाईल असं तोंड नाही. तिला तोंड होतं.

ती का बोलत नव्हती, ते मला रोज सकाळी दारातल्या कट्ट्यावरून दिसायचं. बाप हत्यारांची जड पिशवी खांद्याला लावून बसथांब्याकडे चालत जायचा. ती त्याच्या पाठीकडे बघत उभी राहायची आणि मग मुकाट्याने मला पायात चढवायची.

संघ निवडण्याची शर्यत आली. त्या दिवशी बापाने चकती जरा जास्तच आवळली, प्रेमाने. शेवटच्या फेरीपर्यंत ती पुढे होती. मग पेडलवर उभं राहून सगळा जोर काढायची वेळ आली आणि तिला उभंच राहता येईना. पाय बधिर झाला होता. एकामागून एक मुली तिच्या बाजूने निघून गेल्या. मला इतका संताप आला होता की त्या बापाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, पण बुटाला हात कुठला.

परतताना बाप एवढंच म्हणाला, "मी आणखी काय करायला हवं होतं, सांग." महिनाभराने ती म्हणाली की सायकलचा कंटाळा आला. सायकल विकली गेली. मला पुसून कपाटात ठेवलं, त्या दोन पदकांच्या मधोमध. ती पदकं चिकटपट्टीवाल्या बुटांची आहेत, हे पाहुण्यांना कोणी सांगत नाही.

वर्षं गेली. ती आता औषधाच्या दुकानात दिवसभर उभी असते. उजव्या अंगठ्याचं नख अजून वाकडंच उगवतं. परवा घर बदलायचं ठरलं, कपाट नव्या जागेत मावेना, म्हणून बापाने मला विकायला काढलं. मघाशी एक माणूस आपल्या मुलीला घेऊन आला. पोरीने पाय घातला, दोन पावलं टाकली आणि तोंड वाकडं केलं.

"लागतोय," ती म्हणाली.

"मग काढ," तो म्हणाला.

बाप घाईघाईने सांगू लागला की खास बनवून घेतलेले आहेत, वापरले की बसतील, किंमतही कमी करतो. तो माणूस हसून म्हणाला, तिला लागतंय म्हटल्यावर कशाला. आणि दोघं गेले.

लेक स्वयंपाकघराच्या दारात चहाचा कप घेऊन उभी होती. चहा तसाच निवत चालला होता.

"बाबा, मलाही लागत होते."

बापाला आधी कळलंच नाही. मग तो म्हणाला, "अगं, मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही चालत जात होतात."

बाप हळूच खाली बसला, पूर्वीसारखा गुडघ्यावर, आणि त्याने तिच्या पावलाकडे हात नेला. "बघू," म्हणाला. तिने पाय मागे घेतला.

"आता काय बघता, बाबा," म्हणाली, आणि कप धुवायला आत गेली.

तर माझं उत्तर ऐका. पैसे जातात त्याचं मला काही नाही. पण कुणाला काही मोठं घेऊन दिलंत, तर "मस्त आहे ना" असं विचारू नका, त्याला एकच उत्तर असतं. "लागतंय का" असं विचारा, आणि लागतंय म्हणाली तर रागावू नका. मला आता कुणी घेणार नाही आणि मी कुणाला नकोच.

बाप अजून तिथेच जमिनीवर बसलाय. मला मांडीवर घेऊन तो माझी चकती उलटी फिरवतोय. सगळ्या तारा सैल झाल्या तरी फिरवतोच आहे.